मानेवरचा मळ

दर रविवारी सकाळी आई माझी मान घासायची. धुवायची असं मी मुद्दाम म्हणत नाही. धुणं वेगळं, घासणं वेगळं, आणि हा फरक माझ्या मानेला विचारा. न्हाणीघरात तांब्याचा बंब धुमसत असायचा, बाबांचा रेडिओ पलीकडच्या खोलीत खरखरत असायचा, आणि मी पाटावर गुडघे पोटाशी घेऊन, वेणी वर धरून बसलेली. आधी डाळीचं पीठ आणि साय, मग पिळून झालेल्या लिंबाची फोड, आणि एवढं करूनही काळा पट्टा ढिम्म हलला नाही की टाचा घासायची वजरी. "किती मळ साठवतेस गं नंदा! मोठी घोडी झालीस, अंघोळ करता येत नाही अजून?" आई म्हणायची. तिच्या आवाजात राग कमी आणि हार जास्त असायची. एवढी नेटकी बाई, जिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणावर बोटाचा ठसा सापडायचा नाही, तिच्या पोटच्या मुलीची मान अशी. मला रडू यायचं. ते साबणानं आलंय असं मी दाखवायची, आणि तीही तसं मानून घ्यायची.

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला राहत होतो. आज तिथे उभं राहायला जागा नाही. तेव्हा आमच्या घरामागे ज्वारी होती आणि संध्याकाळी सातनंतर बस मिळाली तर नशीब. विमानं मात्र तेव्हाही होती. विमानतळ जवळ, त्यामुळे ती घराच्या कौलांवरून जायची आणि मांडणीतली भांडी किणकिणायची. आमच्या घरातल्या सगळ्यांना एक सवय लागली होती. विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे थांबवायचं, तोंड तसंच उघडं ठेवायचं, आणि विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. पाहुण्यांना वाटायचं या घराला काहीतरी झालंय. मी पुढे लग्न करून कोथरूडला आले, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण वर घरघर झाली की अजून माझं वाक्य आपोआप थांबतं. वर्गातली मुलं फिदीफिदी हसायची.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी, आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्याला मूलबाळ नव्हतं, यजमान लवकर गेले, आणि ती आमच्याकडे आली ती घराची सूत्रं हातात घेऊनच. तिचं माझ्यावर निस्सीम प्रेम होतं आणि ते प्रेम ती उपासांतून व्यक्त करायची. मी कॉलेजात जायला लागल्यावर अंगानं सुटले. ब्लाउज उसवून उसवून आता उसवायला कापड उरलं नव्हतं. त्यावर आत्यानं उपाय काढला. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. "पोट हलकं राहील, अंग उतरेल, आणि देवही पदरात काहीतरी टाकेल," असं तिचं गणित. आता उपास म्हणजे काय? तर सकाळी परातभर साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याचं कूट आणि साजूक तूप घालून अशी मोकळी, मऊ की चव आठवली तर आजही तोंडाला पाणी सुटतं. दुपारी उपासाची बटाट्याची भाजी आणि रताळ्याचे गोड काप. चारला राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी केळ्याचं शिकरण, "कारण पोर सकाळपासून उपाशी आहे." आठवड्यातले निम्मे दिवस मी अशी उपाशी असायची आणि महिन्याकाठी गिरणीतल्या काट्यावर उभी राहिले की गिरणीवाला गालातल्या गालात हसायचा. वजन वाढलं की आत्या एक उपास वाढवायची.

या घरात एक गोष्ट मला सक्त मना होती, ती म्हणजे रानमेवा. बोरं, तुती, करवंदं, जांभळं. आत्याचं ठाम मत होतं की आंबट-तुरट खाल्लं की मुलीच्या जातीला बाधतं, पाळी अडते. आणि मला नेमकं त्याचंच वेड. कॉलेजच्या फाटकापाशी पारूबाई टोपली घेऊन बसायची. आळंदीच्या बाजूच्या कुठल्याशा वाडीवरून पहाटे निघून यायची. थंडीत बोरं, मग तुती, परीक्षेच्या दिवसांत करवंदं, आणि कॉलेज उघडलं की जांभळं. "घे की पोरी, लई ग्वाड हाय. आन आंबट निघालं तर मीठ हाय माझ्याकडं," असं म्हणत ती वर्तमानपत्राची पुडी अशी काही भरायची की मापाच्या वर चार दाणे ओघळायचेच. मी ती पुडी बसस्टॉपपर्यंत संपवायची, नळावर तोंड धुवायची, जीभ रुमालानं पुसायची आणि साळसूद चेहऱ्यानं घरी यायची. करवंदाचा चीक ओठाला चिकटायचा तो मात्र जाता जात नसे.

हल्ली माझ्या मावसबहिणीची नात ईशा माझ्याकडे येते तेव्हा फ्रीजमध्ये प्लास्टिकची एक इवलीशी डबी ठेवते. आत मोजून वीसेक निळ्या गोळ्या. "मावशीआजी, ब्लूबेरीज! बायकांच्या हेल्थला फार चांगल्या असतात, शुगरला वगैरे. तुला माहितीये का?" मी म्हणते, नाही बाई, आम्ही कुठल्या एवढ्या शिकलेल्या. पण तिनं एक डबी उघडली आणि ती चव जिभेवर आली की मला पारूबाईची पुडीच आठवते, आणि त्या पुडीपायी मी काढलेलं ते वर्ष.

कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. एका तासाला माझ्या मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, "हिच्याकडे पाणी येत नाही वाटतं." मी वळून पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी उन्हाळ्यातही मानेभोवती ओढणी गुंडाळून जायला लागले. आणि त्याच सुमारास माझी पाळी थांबली. आमच्या घरात तेव्हा बाहेर बसणं होतं. चार दिवस पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट. त्यामुळे ही गोष्ट माझी एकटीची राहूच शकत नव्हती. एक महिना गेला, दोन गेले, चटई गुंडाळलेलीच. तिसऱ्या महिन्यात आत्या कॅलेंडरसमोर जास्त वेळ उभी राहायला लागली. पाचव्या महिन्यात ती जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "कार्टी बाहेर काहीतरी आंबटचिंबट खातेय." बाबांनी ताटात डोकं घातलं. आईच्या हातातली भातवाढी तशीच राहिली. मी मान खाली घातली, कारण माझी खात्री पटली होती. मीच हे केलं होतं. माझ्या चोरट्या जिभेपायी आत काहीतरी कायमचं बिघडलं होतं, आता मला कधी मूल होणार नाही, आणि हे मी कोणाला सांगूही शकत नव्हते. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढं ओझं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या देवळात गेलेली पाहून आई माझ्या खोलीत आली. दार लावलं. आमच्या घरात दिवसा दार कधी लागत नसे. ती माझ्यासमोर बसली आणि पदराचं टोक पिळत म्हणाली, "नंदा, मला खरं सांग. मी ओरडणार नाही. तुझ्याकडून काही चूक झालीये का?" मला हुंदका फुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. मी म्हणाले, "हो."

आणि विमान आलं.

भांडी किणकिणली, खिडकीची काच थरथरली, आणि सवयीनं आम्ही दोघी गप्प. आईचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. रक्त उतरलं होतं तिच्या तोंडावरचं. एका हातानं तिनं पलंगाची कड घट्ट धरली होती. विमान काही संपेना. शेवटी घरघर दूर गेली आणि ती जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "कोण आहे तो?"

"पारूबाई," मी म्हणाले. "कॉलेजच्या फाटकापाशी बसते ती. रोज खाते मी. करवंदं. आणि जांभळंसुद्धा."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मला एक चापट मारली, लगेच छातीशी घट्ट धरलं आणि रडायला लागली. रडता रडता मध्येच हसायला लागली. "अगं बाई माझे! करवंदं!" ती म्हणत होती. "करवंदं गं!" तिचा जीव भांड्यात पडला होता. कशामुळे, हे मला कळायला आणखी दोनतीन वर्षं गेली. तेव्हा मला एवढंच वाटलं की आईनं माफ केलं. डोळे पुसून ती उठली आणि म्हणाली, "तरी पाच महिने ते पाच महिनेच. उद्या गावात जायचं. आत्यांना सांगायचं, साडी फॉल लावायला टाकायचीय."

आई आत्याशी खोटं बोललेली मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही बसनं गावात गेलो आणि विचारत विचारत सदाशिव पेठेतल्या एका बाई डॉक्टरांचा दवाखाना गाठला. अरुंद लाकडी जिना, वर दोन खोल्या, टेबलामागे पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगाच्या बाई. सगळं ऐकून त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन तपासलं. बाहेर आणून आईसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "ओढणी काढ. मान खाली." मला वाटलं धरणी दुभंगेल तर बरं.

"हे कोणी घासलंय?"

"मीच," आई म्हणाली. "अहो, काय सांगू, दर रविवारी घासते, लिंबू झालं, वजरी झाली, पण मळ जातच नाही हो."

"मळ नाहीच तर जाईल कुठून?" बाई म्हणाल्या. "कातडं सोलवटलंय पोरीचं. आजपासून या मानेला हात लावायचा नाही. ती तुमच्याइतकीच स्वच्छ आहे."

मी अजून मान खालीच ठेवली होती, पण आता ती वर करायची भीती उरली नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला स्वच्छ म्हटलं होतं. पुढचं त्यांनी समजावलं ते मला अर्धंमुर्धं कळलं. रक्तातली साखर वापरायला शरीर जे इन्सुलिन करतं, त्याला माझं शरीर दाद देत नव्हतं, म्हणून ते आणखी आणखी तयार होत होतं. मानेचा काळेपणा त्याचा, वाढतं वजन त्याचं, आणि बीजकोशांचं काम अडलं होतं तेही बहुधा त्यामुळेच. "मूल होईल ना हिला?" आईनं विचारलं. "वेळ आली की होईल. आता आधी हिला नीट जेवू घाला. काय खाते दिवसभर?" आईनं उत्साहानं आमचे उपास सांगायला सुरुवात केली. खिचडी, बटाटा, रताळी, लाडू, शिकरण. बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

"याला उपास म्हणता तुम्ही?"

"हो."

"मग जेवता त्या दिवशी काय करता?"

आई गोरीमोरी झाली. आणि का कोण जाणे, मला तेव्हाच सगळं कबूल करून टाकावंसं वाटलं. मी म्हणाले, "आईचं चुकलं नाही. मी चोरून करवंदं खाते. जांभळं, तुती, सगळं. त्यानंच पाळी गेली."

"किती खातेस?"

"रोज एक पुडी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दिवसभरात तू शहाण्यासारखं काही खात असशील तर ती पुडी," त्या म्हणाल्या. "त्यात साखर बेताची, चोथा भरपूर, चावायला कष्ट. असला रानमेवा खाऊन कोणाची पाळी जात नाही. चोरून कशाला खातेस? ताटात घेऊन खा. खिचडीच्या जागी खा." आईचा चेहरा उजळताना पाहून त्यांनी लगेच बोट वर केलं. "औषध नाही हं हे. जांभळानं सगळं बरं होतं असं सांगत गावभर फिरू नका. ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी, ताक, आणि रोज तासभर पायपीट. गोळ्या देते त्या घ्यायच्या. यात हा मेवा आपला साथीला."

आम्ही उठलो. आई पिशवी उचलायला वाकली, तिचा अंबाडा वर होता, पदर खांद्यावरून घसरला. "थांबा," बाई म्हणाल्या. "तुमची मान."

"अगंबाई, ते होय! ते मंगळसूत्राचं आहे," आई हसून म्हणाली. "काळे मणी ना, घासून घासून रंग उतरतो. कित्येक वर्षांचं आहे."

"मंगळसूत्र जरा पुढे धरा." बाईंनी तिला उजेडाकडे वळवलं. मणी पुढे आले तरी काळा पट्टा जागेवरच होता, मण्यांच्या ओळीपेक्षा चांगला चार बोटं रुंद, मखमलीसारखा जाडसर. माझ्यासारखाच. मी आईची मान इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती. नेहमी तीच माझी बघायची. "काखेत आहे?" आईनं हळूच मान डोलावली. "मग काय, मणी तिथेही जातात का?" बाईंचा आवाज आता मऊ होता. "तहान फार लागते?" आईनं पदर सावरला. "जखम लवकर भरत नाही?" आईनं माझा हात धरला. माझी आजी, आईची आई, पायाला खिळा लागल्याचं निमित्त होऊन गेली होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. आई तिच्या उशाशी होती. हे आम्हाला दोघींनाही एकाच वेळी आठवलं असणार.

आईच्या रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आई फक्त डबे पुसत राहिली, स्वच्छ असलेले. मी तिच्या पायांकडे बघत होते. जोडवी, टाचांच्या भेगा, सगळं. देवाला म्हणत होते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हे पाय राहू देत. परत गेलो तेव्हा बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "आहे साखर. पण उशीर झालेला नाही. मुलीची मान घेऊन आलात म्हणून तुमची सापडली." जिना उतरताना आई मध्येच एका पायरीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. "काही नाही गं," ती म्हणाली, "जरा बसू दे. उशीर झाला नाही म्हणाल्या ना?" मी म्हणाले हो. तिनं मला ते आणखी दोनदा म्हणायला लावलं.

आता राहिली होती आत्या. आईनं तिला सगळं सांगितलं, फॉलचं खोटंसुद्धा. आत्या संध्याकाळभर माळ ओढत बसली. येणारा वार सोमवार होता. सकाळी खिचडीचा वास आला नाही म्हणून मी घाबरतच स्वयंपाकघरात गेले. बघते तर दोन पाट मांडलेले, आणि दोन पाटांपुढे काठोकाठ जांभळांनी भरलेल्या दोन वाट्या, शेजारी ताक. "उपासाला फळ चालतंच की," आत्या कोणाकडेही न बघता म्हणाली. "शास्त्रात आहे. मी काही नाही म्हटलं नव्हतं." मग आईकडे वळून, "तू काय उभी? बस." आई म्हणाली, "यांचं जेवण व्हायचंय अजून." लग्न होऊन आल्यापासून आई या घरात सगळ्यांच्या मागून जेवत होती, उरलेलं, निवलेलं, आणि फळ असलंच तर दबलेलं. आत्या म्हणाली, "त्याला मी वाढते. हात मोडलेले नाहीत माझे." आई बसली. आम्ही दोघींनी आत्यासमोर, भर सकाळी, जांभळं खाल्ली. जीभ पुसायला मी रुमाल काढला तर आईनं आपली जांभळी जीभ मला बाहेर काढून दाखवली.

पावसाळा संपता संपता एका पहाटे मी पडवीतली चटई उलगडली. आमच्या घराच्या इतिहासात कोणी बाहेर बसल्याचा आनंद झाला असेल तर तो त्या दिवशी. आत्यानं हरखून शिरा केला, सगळ्यांना वाटला, आणि मला काही दिला नाही. "तुला नाही. डॉक्टरीण ओरडेल," असं दारातूनच सांगून माझ्या ताटात लांबून बोरांची मूठ टाकली. कुठून पैदा केली होती कोण जाणे, अजून बोरांचे दिवसही नव्हते. चांगली हिरवी, दात आंबवणारी होती. मी एकूण एक खाल्ली.

माझं वजन पुढे कमीजास्त होत राहिलं, गोळ्या सुटल्या, पुन्हा लागल्या, दोन मुलं झाली. मान आजही जरा सावळीच आहे आणि मी ओढणी घेत नाही. आईनं साखरेशी जन्मभर घासाघीस केली. एक्याऐंशी वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांनी भाजीला जात होती. तिला न्यायच्या आधी बायका तिला साडी नेसवत होत्या तेव्हा मी तिची पावलं हातात घेतली होती. दहाची दहा बोटं होती. मला दुःखातही सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या वर्षीची दिवाळी. अभ्यंगस्नानाला बंब पेटलेला, पाटाभोवती रांगोळी, वाटीत उटणं कालवलेलं. मी सवयीनं वेणी वर धरून, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसले. आईनं पाठीला उटणं लावलं, खांद्याला लावलं, आणि तिचा हात मानेशी येऊन थांबला. मी अंग चोरलं. तिनं हात धुतला, तळव्यावर कोमट तेल घेतलं आणि मानेवरून नुसती बोटं फिरवली, एकदा, दोनदा, लहान बाळाला लावतात तसं. "फार दुखायचं का गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "खोटारडी."

मग तिनं मंगळसूत्र काढून कोनाड्यात ठेवलं, दुसरा पाट ओढला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. अंबाडा वर धरला. "आता माझ्या मानेला लाव," ती म्हणाली. "घासू नकोस हं."

मी तेलात बोटं बुडवली.